तिशी-चाळिशीतली माणसं कंपनी सोडून चाललीत. बजेट थोडं आहे, नेमकं काय द्यावं?

वाळूज_एचआर

नमस्कार मंडळी. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत ऑटो कंपोनंटचं युनिट आहे. रोलवर १४० माणसं, कंत्राटी ६० च्या आसपास. रोलवरचे ३८ जण तिशी ते बेचाळिशीतले आहेत: प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, टूलरूम आणि दोनचार स्टोअर-अकाउंट्सचे. बहुतेक डिप्लोमा किंवा बीई. प्लांट यांच्याच जिवावर चालतो आणि नेमके हेच पुण्याकडं चाकण-रांजणगावला निघालेत. एक्झिट फॉर्मवर सगळे 'वैयक्तिक कारण' लिहून मोकळे होतात.

वरून असं आलंय की मिलेनियल लोकांना 'वर्क कल्चर' लागतं, म्हणून टेबल टेनिस, महिन्याला वाढदिवसाचा केक आणि पावसाळ्यात म्हैसमाळची सहल. बजेट माणशी महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,८४,०००.

सध्या पीएफ (१५,००० च्या मर्यादेवर), बसणाऱ्यांना ईएसआय, बाकीच्यांना २ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम (स्वतः, जोडीदार, दोन मुलं), शहरातून बस, कॅन्टीन. पगार ७ तारखेला. पैसे कुठं टाकावेत, आणि पैशाविना काय करता येईल? उगाच गोडगोड नको, स्पष्ट सांगा.

शॉपफ्लोअर

साहेब, आधी वय बघा. मिलेनियल म्हणजे साधारण १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेले. त्यातला सगळ्यात लहान माणूससुद्धा आता तिशीला टेकलाय. त्याच्या डोक्यावर शहरातल्याच सातारा परिसरातल्या नाहीतर बजाजनगरातल्या फ्लॅटचा हप्ता आहे, पोरगं शाळेत आहे, आईवडील गावाकडं आहेत. हा माणूस टेबल टेनिसची बॅट कधी हातात धरणार? त्याच्या लेखी कल्चर म्हणजे दोनच गोष्टी: माझा वेळ माझ्या हातात किती आणि पैसा ठरल्या दिवशी येतो का.

पैशाचं आधी. पगार ७ ला, कायद्यात बसतंय. पण होमलोनचा हप्ता बहुतेकांचा ५ तारखेला कापला जातो. खात्यात शिल्लक नसली की हप्त्याची आपोआप होणारी वसुली (एनएसीएच) परत जाते, बँक दंड लावते, वर सिबिलवर डाग. महिन्याच्या महिन्याला ५ ते ७ हे दोन दिवस माणूस उसनवारीत काढतो आणि त्याचा राग कंपनीवर धरतो. तारीख १ वर आणा. याला बजेट लागत नाही, फक्त सहा दिवस आधी पैशाची सोय लागते.

दुसरं, वेळ. ऑपरेटरला ओटी (ओव्हरटाइम) मिळतो, इंजिनिअरला मिळत नाही. कायद्याने कामगाराचा ओटी साध्या दराच्या दुप्पट. पगार २६,००० असेल तर २६ ने भागून दिवसाचे १,०००, आठाने भागून तासाचे १२५, म्हणून ओटीचा तास २५० रुपये. (हा दर बेसिक अधिक भत्त्यांवर धरायचा असतो, नुसत्या बेसिकवर काढला की ऑपरेटरला फोनच्या कॅल्क्युलेटरवर लगेच कळतं.) आता बघा, लाइनवर चार तास जास्त थांबलेला ऑपरेटर १,००० रुपये घेऊन जातो आणि त्याच्याशेजारी चार तास उभा असलेला शिफ्ट इंजिनिअर काहीच नाही. वर "तू मॅनेजमेंट स्टाफ आहेस" हे ऐकून घ्यायचं. तुमचे जे सोडून गेले त्यांतले निम्मे याच दुखण्याने गेले असतील, फॉर्मवर काहीही लिहोत.

यावर सी-ऑफ (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) हा उपाय आहे, पण तो कागदावर राहतो. सी-ऑफ चालवायचा असेल तर तीन गोष्टी पाळा. एक, चार तासांना अर्धा दिवस आणि आठ तासांना पूर्ण दिवस हे लेखी असू द्या. दोन, तो पंचिंगवरून आपोआप जमा व्हावा, एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) सहीची वाट बघायला लावू नका, कारण अडतं तिथंच. तीन, ६० दिवसांत घेता आला नाही तर त्याचे पैसे द्या. ही तिसरी अट नसेल तर एचओडी सुट्टी देतच नाहीत, सी-ऑफ मरतात आणि सहा महिन्यांनी कुणी मागतही नाही.

तिसरं, व्हॉट्सअॅप. रात्री दहाला प्रॉडक्शन फिगर, रविवारी सकाळी कस्टमर कंप्लेंटचा फोटो, आणि ग्रुपवर सगळ्यांदेखत "याला जबाबदार कोण?" हा एक मेसेज म्हैसमाळच्या दहा सहली धुऊन टाकतो. नियम साधा ठेवा: शिफ्ट सुटल्यावर मेसेज नाही, खरंच लाइन बंद पडली तर फोन करायचा, आणि फोन घेणारा महिन्याच्या ऑन-कॉल यादीतला असेल. यादी महिनाअखेरीस भिंतीवर लावा. ज्याचं नाव नाही त्याला झोपू द्या.

रिजेक्शनची झाडाझडती बंद खोलीत घ्या, लाइनवर घेऊ नका. एवढं पुरे.

पासबुक

वरचं सगळं बरोबर. मी फक्त पगाराच्या कागदावर बोलतो, कारण चाकणहून आलेलं ऑफर लेटर आणि तुमची स्लिप शेजारी ठेवून माणूस निर्णय घेतो, आणि दोन्ही कागद त्याला नीट वाचता येतातच असं नाही.

समजा सीटीसी (कंपनीचा माणसावरचा वर्षाचा एकूण खर्च) ६ लाख, महिन्याला ५०,०००. बेसिक २०,०००. कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ९६२, मेडिक्लेम ८००, व्हेरिएबल ५,०००. एवढं वजा जाता ग्रॉस उरला ४१,४३८. त्यातून त्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला (फेब्रुवारीत ३००) की हातात ३९,४३८. म्हणजे कागदावरचे ५०,००० घरी येईपर्यंत साडेदहा हजारांनी झिजले. चाकणची ऑफर ५५,००० ची असली तरी खोलीभाडं आणि गावाकडच्या चकरा धरून तो माणूस फायद्यात राहील की नाही हे सांगता येत नाही. पण तुमचा कागद त्याला हे कळू देत नाही, त्यामुळं तो आकडा बघून जातो. वर्षातून एकदा प्रत्येकाला एक पानी पत्रक द्या: हातात किती, पीएफमध्ये दोन्हीकडून किती, ग्रॅच्युइटी आजवर किती साठली, बस आणि कॅन्टीनवर कंपनीचा किती खर्च. हे अकाउंट्सचं चार दिवसांचं काम आहे.

आता बेसिकचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या एकच आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे ४० टक्के बेसिक ठेवून बाकी 'स्पेशल अलाउन्स'मध्ये ढकलायची जुनी पद्धत आता फारशी उपयोगाची नाही. बेसिक २५,००० केलं तर काय होतं ते बघा. पीएफ मर्यादेवरच असल्यामुळं १,८०० राहतो. ग्रॅच्युइटीची तरतूद ९६२ ची १,२०२ होते. हातातला पगार ३९,१९८ वर येतो, फरक २४० रुपयांचा. तिकडं सात वर्षांची ग्रॅच्युइटी (बेसिक × १५ ÷ २६ × वर्षं) ८०,७६९ वरून १,००,९६२ होते. हे २४० रुपये तुमच्या १,५०० मधून भरून द्या, कुणाचा एक रुपया कमी होणार नाही. कुजबुज सुरू होण्याआधी हिशोब करून दाखवा, नाहीतर "नव्या कायद्याच्या नावाखाली पगार कापला" हेच पसरणार.

फिक्स्ड टर्मवर घेतलेले इंजिनिअर असतील तर त्यांना आता एक वर्षावर ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं थांबायची गरज नाही. हे त्यांना तुम्ही सांगा, बाहेरून कळायला नको.

पीएफमध्ये तीन ठिकाणी घोळ होतो, तिन्ही तपासून घ्या:

ज्याची पहिलीच पीएफ नोकरी १ सप्टेंबर २०१४ नंतरची आणि बेसिक १५,००० च्या वर, तो पीएफच्या पेन्शन योजनेत येत नाही. त्याचा कंपनीचा सगळा वाटा पीएफ खात्यात जायला हवा. पेरोल सॉफ्टवेअर सगळ्यांचे सरसकट १,२५० पेन्शनला वळवतं आणि मग ट्रान्सफर किंवा क्लेमच्या वेळी फाइल अडते.

२०१४ च्या आधीपासूनचे जे सभासद आहेत, त्यांनी नोकरी बदलताना पीएफसोबत पेन्शनचीही रक्कम काढून घेतली असेल तर आधीची सेवेची वर्षं गेली. पेन्शनला दहा वर्षं लागतात. नव्या माणसाला जॉइनिंगच्या दिवशीच ट्रान्सफर करायला सांगा, 'काढून टाक' म्हणणारा सल्लागार दर टपरीवर बसलाय.

नॉमिनेशन. लग्नाआधी आईवडिलांचं नाव टाकलेलं असतं आणि लग्नानंतर ते रद्द ठरतं. ईडीएलआयचा ७ लाखांपर्यंतचा विमा याच खात्याला जोडलेला आहे. एक दिवस संगणक आणि आधारला लिंक असलेले मोबाइल घेऊन बसा, सगळ्यांचं ई-नॉमिनेशन करून टाका. फोटो, जोडीदाराचं आधार आणि ओटीपी, एवढंच लागतं.

जनरलशिफ्ट

टेबल टेनिसला सगळेच नावं ठेवू नका. ट्रेनी आणि अप्रेंटिस पोरं खेळतात, आणि एक टेबल काही पावणेसात लाखांचं येत नाही. घ्या, पण 'मिलेनियल धोरण' म्हणून खपवू नका. कॅन्टीनमध्ये स्टाफची आणि कामगारांची ताटं वेगळी असतील तर आधी ती एक करा. आठवड्यातून दोनतीन दिवस ज्वारीची भाकरी, उन्हाळ्यात ताक. एप्रिल-मेमध्ये प्रेस शॉपला पंखे फिरतात की नुसती गरम हवा ढकलतात तेही एकदा दुपारी दोनला उभं राहून बघा. आणखी एक, नव्या संहितेत कॅन्टीनची अट २५० वरून १०० कामगारांवर आली आहे, कंत्राटी धरून. तुम्ही त्यात बसता. कंत्राटी माणसाला वेगळा दर लावत असाल तर तेही थांबवा.

क्लेम_डेस्क

पैसे कुठं टाकायचे विचारलंत तर माझं उत्तर एकच: मेडिक्लेम. या वयाचा माणूस बाकी सगळं विसरेल, वडिलांच्या ऑपरेशनला पॉलिसी कामाला आली की नाही हे विसरत नाही.

२ लाख सम इन्शुअर्ड आज पुरत नाही, पण नुसती रक्कम वाढवून भागणार नाही. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा किती ते बघा. बऱ्याच ग्रुप पॉलिसीत सम इन्शुअर्डच्या १ टक्का रोज अशी असते. ३ लाखांवर ३,००० रुपये. माणसाने ६,००० ची खोली घेतली की नुसतं खोलीचं निम्मं कापत नाहीत, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळ्यालाच निम्म्याची कात्री लागते. आकड्यात: बिल १,८०,०००. त्यात पाच दिवसांची खोली ३०,०००, डॉक्टर-थिएटर-नर्सिंग १,००,०००, औषधं आणि तपासण्या ५०,०००. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते पूर्ण मिळतात. बाकीचे निम्मे, म्हणजे १५,००० आणि ५०,०००. विमा कंपनी देणार १,१५,०००, माणसाच्या खिशातून ६५,०००. त्याला वाटतं कंपनीने फसवलं. खरं तर रूम रेंटची अट काढून टाकायला प्रीमियम थोडाच वाढतो, ब्रोकरला दोन्ही कोट मागा.

तेव्हा पहिली मागणी: ३ ते ५ लाख, रूम रेंटची मर्यादा काढा, निदान 'सिंगल प्रायव्हेट एसी रूम' असा शब्द घाला. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असावेत. बाळंतपण धरलेलं असावं, नऊ महिन्यांची वाट न बघता. को-पे (बिलाचा ठराविक हिस्सा माणसाने भरायचा) शक्यतो नको.

हॉस्पिटलांची यादी बघताना फक्त संभाजीनगर आणि पुणे बघू नका. तुमच्या लोकांचे आईवडील बीड, परभणी, हिंगोली, नांदेडकडचे असतील. तिथली दोनतीन हॉस्पिटलं कॅशलेसमध्ये नसतील तर कार्ड असून नसल्यासारखं.

आईवडिलांचा प्रीमियम महाग जातो हे खरंय, आणि तो कंपनीने पूर्ण उचलला तर दुसऱ्या वर्षी क्लेम वाढून सगळीच पॉलिसी महाग होते. म्हणून आईवडिलांची वेगळी पॉलिसी घ्या, मूळ पॉलिसीत मिसळू नका. निम्मा कंपनीचा, निम्मा कर्मचाऱ्याचा, आणि त्याचा हिस्सा बारा हप्त्यांत कापा. एकरकमी मागितला की लोक सोडून देतात. जे घेतील ते एकदा घेतल्यावर दोन वर्षं मधेच बाहेर पडणार नाहीत अशी अट ठेवा, नाहीतर फक्त आजारी आईवडील असणारेच येतात आणि प्रीमियम भडकतो.

यात कंपनीचा पैसा न घालता होणाऱ्या दोन गोष्टी आहेत. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, आधार पुरतं. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनाही ५ लाखांपर्यंत आहे, रेशनकार्डावर. गावाकडच्या कार्डावर वडिलांचं नाव आहे का आणि आधारातल्या नावाशी जुळतं का, एवढं जरी एचआरने एका शनिवारी तपासून दिलं तरी घरात नाव निघेल. नाव न जुळणं, एवढ्यावर रुग्ण काउंटरवरून परत जातो.

ईएसआयचं एक. २१,००० च्या वर पगार गेला की माणूस बाहेर पडतो, आणि इन्क्रीमेंटने तो नेमका तिथंच ओलांडतो. पण लगेच बाहेर पडत नाही: वर्गणीचा कालावधी एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च असा आहे, त्या कालावधीच्या अखेरीपर्यंत वर्गणी चालू राहते. जुलैत इन्क्रीमेंट दिली तर ३० सप्टेंबरपर्यंत कापायचीच (कर्मचारी ०.७५ टक्के, कंपनी ३.२५). बरेच जण जुलैतच बंद करतात, ते चूक. मेडिक्लेममध्ये त्याचं नाव १ ऑक्टोबरला चढवा. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आईवडील येतात, तुमच्या मेडिक्लेममध्ये येत नाहीत. म्हणजे पगारवाढीमुळं पुढं त्याच्या आईवडिलांचं संरक्षण जातं. अशा माणसाला आईवडिलांच्या पॉलिसीत पहिल्या वर्षी पूर्ण प्रीमियम कंपनीने द्यावा, माझं तरी मत तसं आहे.

टूलरूम_ताई

बायकांचं कुणी बोललंच नाही अजून, म्हणून लिहिते.

प्रसूती रजा २६ आठवडे, पहिल्या दोन मुलांसाठी. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की झालं. रजा द्यावीच लागते, पण गडबड होते परत आल्यावर: तिची जागा दुसऱ्याला दिलेली, तिला 'डॉक्युमेंटेशन'ला बसवलेलं, आणि अप्रेझलमध्ये सहा महिने शून्य धरलेलं. रजेच्या वर्षात रेटिंग आधीच्या वर्षाचंच धरायचं, असं लेखी करा.

पाळणाघर. ५० किंवा जास्त माणसं असतील तर बंधनकारक, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे. एकट्या युनिटला परवडत नसेल तर शेजारच्या दोनतीन कंपन्यांनी मिळून एक चालवलं तरी चालतं, नव्या संहितेत तशी सोय आहे. वाळूजला शेड शेडला लागून आहेत, अवघड नाही.

बस. नवीन माणूस घेताना "बस आहे" सांगतात, पण सिडको-हडकोच्या शेवटच्या स्टॉपवर संध्याकाळी ती कधी पोचते ते सांगत नाहीत. सेकंड शिफ्टला बाई असेल तर बस घराजवळ सोडते की मेन रोडला, हा तिच्यासाठी पगाराहून मोठा प्रश्न. रात्रपाळीला तिची लेखी संमती लागते.

दहा किंवा जास्त माणसं म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक बाहेरची सदस्य. फलक लावून भागत नाही, त्यावरचे फोन नंबर चालू आहेत का ते बघा. सोडून गेलेल्या बाईचा नंबर वर्षभर भिंतीवर असतो.

बाप झालेल्यांच्या रजेचं: खासगीत कायद्याची सक्ती नाही, तुम्ही द्या. पण सलग दहा दिवस देऊ नका. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाप आधी दोनतीन दिवस तिकडं जातो, खरी गरज लागते दोनतीन महिन्यांनी बायको-बाळ घरी आल्यावर, लस, डॉक्टर, रात्रीचं जागरण सगळं तेव्हा. दहा दिवस, तीन तुकड्यांत, सहा महिन्यांच्या आत, असं करा.

येळवस

सुट्ट्यांवर थोडं. माणसं सुट्टीच्या संख्येवरून भांडत नाहीत, कोणत्या दिवशी मिळाली यावरून भांडतात. तुमच्या प्लांटला लातूर-धाराशिवकडची माणसं असतील तर वेळ अमावस्येला ती शेतात जाणारच, तुम्ही द्या नाहीतर ती 'आजारी' पडतील. कुणाला १४ एप्रिल लागतो, कुणाला ईद, कुणाला पोळा, कुणाला १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंड्याला गावी जायचं असतं. सगळ्यांना सगळं देता येत नाही. सक्तीच्या राष्ट्रीय सुट्ट्या सोडून दहाबारा दिवसांची यादी करा आणि प्रत्येकाने त्यातले तीन जानेवारीत निवडून द्यायचे. प्लॅनिंगवाल्याला वर्षभराचं चित्र आधीच मिळतं.

आणि शेती विसरू नका. निम्म्या लोकांची गावाकडं दोनचार एकर आहे. मृग बरसला की पेरणी आणि दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, या दोन टप्प्यांत लैच रजा पडतात. त्याच महिन्यांत तुम्ही ऑडिट लावायले आणि रजा नाकारायले, मग माणूस राजीनाम्याचाच विचार करणार की. ऑडिट दोन आठवडे मागंपुढं करा. पीएलचा (पगारी रजेचा) अर्ज केल्यापासून ४८ तासांत हो की नाही ते सांगायचं, उत्तर नाही आलं तर मंजूर धरायचं. नाकारलेली रजा वाया जात नाही, पुढं जमा राहते, हेही स्लिपवर दिसू द्या.

वाळूज_एचआर

सगळ्यांचे आभार. माझी यादी अशी होतेय: मेडिक्लेम ५ लाख रूम रेंटशिवाय, आईवडिलांची वेगळी पॉलिसी निम्मी-निम्मी, बेसिकचा फरक भरून देणं, सी-ऑफचे पैसे. सहल राहिली तर राहिली. पगाराची तारीख ७ वरून १ करायला अकाउंट्स तयार नाही. म्हणतात महिना ३१ ला संपतो, हजेरी, ओटी, कंत्राटदाराचं मस्टर यायला ४-५ तारीख होते. यावर काही? आणि सोडून जाणाऱ्याचा फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) सध्या ४५ दिवसांनी होतो.

पासबुक

हजेरीचा महिना बदला. २६ ते २५ असा धरा. २५ च्या रात्री पंचिंग बंद, २६ ला एचओडींनी मिसपंच आणि रजा दुरुस्त करायच्या, २७ ला ओटी आणि बिनपगारी धरून पेरोल, २८ ला तपासणी, ३० ला बँकेत फाइल. फेब्रुवारीत दोन दिवस कमी मिळतात, तेव्हा कटऑफ २३ ला घ्या. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा पूर्णच द्यायचा, २६ ते अखेरपर्यंतची बिनपगारी आणि ओटी फक्त पुढच्या महिन्यात जाणार.

अडचण पहिल्याच महिन्यात येते. ओटी १ ते २५ चाच धरला जातो, पाच-सहा दिवसांचा पुढं जातो. ऑपरेटरला वाटतं ओटी खाल्ला. दसरा-दिवाळीच्या महिन्यात बदल करू नका, आणि आधीच्या महिन्याच्या स्लिपवर तसं छापा. २५ नंतर आलेल्या नव्या माणसाचे ते दिवस पुढच्या पगारात घ्या. पीएफचं चलन नेहमीसारखं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आतच भरायचं, त्यात काही बदलत नाही. कंत्राटदाराला मस्टर २६ ला द्यायला लावा, त्याचं बिल त्यावरच पास करायचं ठरलं की येतं बरोबर.

फुल अँड फायनल ४५ दिवस आता चालणार नाही. वेतन संहितेत राजीनामा असो वा काढून टाकणं, शेवटच्या दिवसापासून दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचं आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत वेगळी. तुमच्याकडं ४५ दिवस जातात ते नो-ड्यूजच्या फॉर्ममध्ये: स्टोअर, आयटी, टूल क्रिब, कॅन्टीन, लायब्ररी नसली तरी लायब्ररीची सही. तो फॉर्म राजीनाम्याच्या दिवशीच सुरू करा, नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या सह्या झालेल्या हव्यात. त्याच दिवशी पीएफ पोर्टलवर डेट ऑफ एक्झिट टाका. तुम्ही नाही टाकली तर त्याला स्वतः टाकायला शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं, तोवर ट्रान्सफर अडकतो, आणि तो माणूस तुमच्याच टूलरूममधल्या मित्रांना रोज फोन करून विचारत बसतो.

शॉपफ्लोअर

नोटीस पीरियड किती आहे तुमचा? तीन महिने असेल तर इंजिनिअरला दीडवर आणा. तीन महिने ठेवलेला माणूस दुसऱ्या महिन्यापासून काम करत नाही आणि शेजारच्या दोघांना सोबत घेऊन जातो.

वाळूज_एचआर

तीनच आहे. सोमवारच्या मीटिंगला हे आणि तारखेचं, दोन्ही मांडतो. कोटेशन आले की प्रीमियमचे आकडे इथं टाकेन, क्लेम_डेस्क, तेव्हा जरा नजर टाका.

क्लेम_डेस्क

टाका. कोट मागताना ब्रोकरला मागच्या तीन वर्षांचा क्लेमचा तक्ता आणि सगळ्यांच्या जन्मतारखा द्या, नुसतं "१४० माणसं" सांगितलं तर तो अंदाजाने वरचा आकडा देतो. आणि आईवडिलांचा कोट दोन वयोगटांत मागवा, ६५ च्या आतले वेगळे, वरचे वेगळे.